दवाखान्यातल्या गप्पा : निरोध आणि संसार

दिवाळी अंक घरातल्या सगळ्यांच्या हाती पडतो. दुपारी आजोबा वाचतात, फराळाची आवराआवर झाली की सूनबाई वाचतात, आणि कॉलेजातली मुले त्याआधीच वाचून मोकळी झालेली असतात. अशा अंकात डॉक्टराने निरोधावर लिहावे हे काहींना रुचणार नाही. पण जो विषय घरात कुणी काढत नाही, तोच माझ्या खोलीत दार लावून सगळे काढतात. तेव्हा एकदा तो उघड्यावर आलेला बरा.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा लोकांनी नाके मुरडली होती. सरकारचा ‘निरोध’ १९६८ साली बाजारात आला, तो पाळणा लांबवण्यासाठी. पुढे १९८६ साली मद्रासेस, म्हणजे आजच्या चेन्नईत, एचआयव्हीची लागण प्रथम उघडकीस आली आणि निरोधाच्या अंगावर दुसरे काम येऊन पडले.

मध्यंतरी एक जोडपे माझ्याकडे आले. ओळख पटेल असे सारे वगळून सांगतो. नवऱ्याला एचआयव्ही, बायकोला नाही. त्याची औषधे नियमित चालू. पण तीन वर्षे त्याचे अंथरूण बाहेरच्या खोलीत. “हिला काही होऊ नये म्हणून,” तो म्हणाला. बायको बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “डॉक्टर, यांनी मला जपलं. पण तीन वर्षांत माझा हातसुद्धा धरला नाही. आणि सासूबाई दर सणाला विचारतात, गोड बातमी कधी?”

मी त्यांच्याकडे व्हायरल लोडचा कागद मागितला. रक्तात विषाणू किती आहेत, ते या तपासणीत कळते. औषध रोज वेळेवर घेतले की बहुतेकांच्या बाबतीत सुमारे सहा महिन्यांत विषाणू इतके दबतात की तपासणीत सापडत नाहीत. याच्या कागदावर तेच लिहिले होते. त्याचा अर्थ मात्र त्याला कुणी सांगितला नव्हता.

तो अर्थ मोलाचा आहे. एकाला लागण आणि दुसऱ्याला नाही, अशा १,७६३ जोडप्यांचा नऊ देशांत मोठा अभ्यास झाला. पुणे आणि चेन्नई येथील जोडपीही त्यात होती. निरोध सर्वांनाच दिले होते. निम्म्यांना औषध लगेच सुरू केले, निम्म्यांना प्रतिकारशक्ती घटल्यावर. २०११ साली निकाल आला. जोडीदाराकडूनच लागण झाल्याचे सिद्ध झालेल्या २८ जणांपैकी २७ जण उशिरा औषध मिळालेल्या गटातले होते. पुढे युरोपात निरोध न वापरणाऱ्या जोडप्यांचीही पाहणी झाली. विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच सांगितले : तपासणीत विषाणू सापडत नसेल, तर संबंधातून जोडीदाराला तो जात नाही.

मग निरोध हवाच कशाला? हवा, कारण विषाणू दबेपर्यंतचे महिने जायचे असतात. कुणाच्या गोळ्या चुकतात, कुणाची तपासणी राहते. शिवाय गरमी, परमा यांसारख्या गुप्तरोगांवर एचआयव्हीच्या गोळीचा उपयोग नाही. “आम्हा दोघांनाही आहे, आता काय राहिलं?” असे विचारणारी जोडपीही येतात. त्यांना सांगतो, विषाणूंतही प्रकार असतात. एकाचा औषधाला न जुमानणारा विषाणू दुसऱ्याला मिळाला, तर त्याचीही औषधे बदलण्याची पाळी येते.

वापरण्याचेही शास्त्र आहे. पुडीवरची तारीख पाहावी. ती मागच्या खिशात उबेला ठेवू नये, दाताने फाडू नये. एकावर एक दोन चढवू नयेत. आणि आपल्या घरचे खोबरेल तेल केसांनाच ठेवावे. तेलाने किंवा व्हॅसलीनने रबर कमकुवत होऊन फाटते. पाण्यात विरघळणारे वंगण औषधाच्या दुकानात मिळते.

सगळ्यात अवघड जागा निराळीच आहे. बायकोने निरोध मागितला की नवऱ्याला संशय येतो, नवऱ्याने आणला की बायकोला. पथ्याच्या जेवणाला कुणी अविश्वास म्हणत नाही. हेही पथ्यच समजावे. ज्यांना घरी तोंड उघडता येत नाही, त्यांच्यासाठी १०९७ हा फुकट दूरध्वनी आहे. सरकारी एआरटी केंद्रांत २००४ सालापासून औषध मोफत मिळते, आणि २०१८ साली अमलात आलेल्या कायद्याने रुग्णाचे नाव गुप्त ठेवण्याची हमी दिली आहे.

त्या जोडप्याला मी सांगितले की, अंथरूण आत न्या. सध्या निरोध वापरा. मूल हवे असेल तेव्हा आधी पुन्हा तपासणी करू आणि मग वेळ ठरवू. नवरा कागदाची घडी पुनःपुन्हा घालीत राहिला. “मग मी हिला धोका नाही?” त्याने दोनदा विचारले. मी दोन्ही वेळा “नाही” म्हणालो, आणि गोळी एक दिवसही चुकवू नका, असे बजावले.

वडील मंडळींना एवढीच विनंती : यंदा पाडव्याला सुनेला गोड बातमी विचारू नका. आणि कपाट आवरताना एखादी पुडी हाती लागलीच, तर ती होती तिथेच ठेवून दार लावून घ्या.