मुलाखतकाराचे भय

वयाने आणि विद्येने थोर असलेल्या कलावंतासमोर वही उघडताना हात थरथरतो, याची लाज वाटण्याचे कारण नाही. लाज वाटावी ती हे भय लपवण्यासाठी आपण जे करतो त्याची. मराठीतल्या संगीतकारांच्या कितीतरी मुलाखती या लपवालपवीनेच नासल्या आहेत, असे आमचे मत आहे. त्यात आमचीही एक आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी आम्ही दोघे पिंपरीतल्या एका वृद्ध पखवाजवादकांकडे गेलो होतो. कारखान्यात पाळी आणि उरलेल्या वेळी भजनाला साथ, असे त्यांचे उभे आयुष्य गेलेले. आम्ही मराठीचे एम.ए.; तालाचे ज्ञान बेताचे. ते उघडे पडू नये म्हणून आदल्या रात्री २१ प्रश्न लिहून काढले. परंपरा, घराणे, सौंदर्यदृष्टी, काही म्हणजे काही सोडले नाही. पहिला प्रश्न वाचतानाच घसा कोरडा पडला. बुवा थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "आधी चहा घ्या." पुढची चाळीस मिनिटे आम्ही वाचत होतो आणि ते "हो" किंवा "माउलींची कृपा" एवढेच म्हणत होते.

आम्ही उठलो. टेपरेकॉर्डर पिशवीत गेला. चपला घालता घालता आमच्यातल्या एकाने, खरोखरच ठाऊक नव्हते म्हणून, विचारले, "बुवा, डाव्या बाजूला ही कणीक कशासाठी लावतात?" बुवा उंबऱ्यातच बसले. कणकेने पुडीला वजन येते आणि आवाज खाली उतरतो, हे त्यांनी थाप मारून ऐकवले. कणीक किती सैल मळायची, पावसाळ्यात काय करायचे, पाळीवरून आल्यावर हाताचे तेल जावे म्हणून राखेने हात कसे घासायचे, आणि भाकरीच्या घरात त्यांच्यासाठी म्हणून मूठभर गव्हाचे पीठ वेगळे कसे ठेवलेले असे, हे सारे त्यानंतर आले. वार्षिकांकात मात्र ती चाळीस मिनिटे छापली गेली. बुवा पुढच्याच वर्षी गेले.

प्रा. बी. आर. देवधरांचे ‘थोर संगीतकार’ आम्ही त्यानंतर पुन्हा वाचले. देवधर स्वतः विष्णु दिगंबरांचे शिष्य आणि कुमार गंधर्वांचे गुरू. त्यांना विचारायला भय कसले, असे कोणी म्हणेल. पण ते विद्वत्ता दाखवायला जात नाहीत. त्यांना चीज हवी असते, स्वर कसा लावतात ते हवे असते, आणि ही गरज ते झाकत नाहीत. गरजवंताला बुजुर्ग दारातून परत पाठवत नाहीत. (निदान सहसा नाही.)

किशोरीताई आमोणकरांचा तर दराराच होता. ऐन उमेदीत त्यांचा आवाज गेला आणि सुमारे दोन वर्षे त्यांना गाता आले नाही, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. त्या २०१७ साली निवर्तल्या, तोवर साधना, अध्यात्म, रससिद्धान्त यांवर त्यांना असंख्य वेळा विचारले गेले. परंतु गाता येत नव्हते त्या दिवसांत सकाळी उठून आपण काय करत होता, हा साधा प्रश्न आम्हाला क्वचितच वाचायला मिळाला. ‘दैवी स्वर’ म्हटले की विचारणाऱ्याची सुटका होते. आदर म्हणून आपण जे मिरवतो ते पुष्कळदा भित्रेपण असते.

तयारी करू नये, असे आम्ही म्हणत नाही. विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रणे ऐकावीत, पुस्तके वाचावीत. मात्र आपल्याला काय कळलेले नाही त्याची यादी करून जावे. आकुर्डीला तुकोबांची पालखी मुक्कामाला येते. तिथे मृदंग घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याला ‘लोकपरंपरेचे उपयोजन’ विचारणारा मुलगा आमच्याच वर्गातून घडतो, हे आम्ही नाकारत नाही.

ती ध्वनिफीत अजून विभागाच्या कपाटात आहे. शेवटी बुवांचे "बसा की थोडं" ऐकू येते, आणि मग बटण दाबल्याचा आवाज.