आजीची चमकी आणि लाल ठिपका

गेले तीन शनिवार-रविवार मी एका लाल ठिपक्याच्या मागे लागलो होतो. आज त्याबद्दल खरडतोय, कारण या भानगडीत माझं एक मत पक्कं झालं आणि ऑफिसात जेवणाच्या टेबलावर ते कुणालाच पटलं नाही.

झालं असं की २००९ साली बाबांनी एक छोटा डिजिटल कॅमेरा घेतला होता, दहा मेगापिक्सेलचा. आजीचे (म्हणजे आईच्या आईचे) आमच्याकडे असलेले जवळपास सगळे फोटो त्यातलेच. आजी २०१३ मध्ये गेली. यंदा आईच्या मनात आलं की फोटो नीट करून अल्बम छापावा, मामा-मावशीलाही एकेक देता येईल. घरात इंजिनियर एकच, त्यामुळे काम कुणाकडे आलं हे सांगायला नको. फोटो उघडले तर मधोमध, जरासा डावीकडे, एक लाल ठिपका. आधी स्क्रीन पुसली. मग फोटो सरकवला तर ठिपका त्याच्याबरोबर सरकला. पुढच्या फोटोत परत त्याच जागी. म्हणजे दोष कॅमेऱ्याच्या सेन्सरचा.

याला स्टक पिक्सेल म्हणतात. डेड पिक्सेल काहीच नोंदवत नाही, तो काळा. स्टक पिक्सेल कायम भरलेला दिसतो. हॉट पिक्सेल नावाचा तिसरा भाऊ एरवी गुणी असतो, पण शटर बराच वेळ उघडं ठेवलं किंवा सेन्सर तापला की चमकायला लागतो. सेन्सरमधला गळका करंट तापमान सहा ते आठ अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतो, त्यामुळे मे महिन्यात असे ठिपके जास्त दिसले तर नवल नाही. रंगाचं कारण बेयर फिल्टर. कोडॅकच्या ब्राइस बेयरने १९७६ साली पेटंट घेतलेली ही जाळी. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी काच, आणि उरलेले दोन रंग शेजाऱ्यांना विचारून ठरवायचे. आता शेजारीच खोटं बोलत असेल तर आजूबाजूचे पिक्सेलही बिघडतात. त्यावर जेपीईजीचं कॉम्प्रेशन. म्हणून एका पिक्सेलचा दोष फोटोत चांगला चार-पाच पिक्सेल रुंद दिसतो.

यात कॅमेरा फेकून देण्यासारखं काहीच नाही. दहा मेगापिक्सेल म्हणजे एक कोटी पिक्सेल, त्यातले थोडे बाद असणारच. कंपन्या कारखान्यातच त्यांची यादी करतात आणि कॅमेरा ती ठिकाणं गुपचूप शेजाऱ्यांवरून भरून काढतो. पंचाईत होते ती नंतर बिघडलेल्यांची. काही कॅमेऱ्यांत ही यादी ताजी करायला पिक्सेल मॅपिंगची सोय असते, आमच्यात नव्हती. (हबल दुर्बिणीतल्या कॅमेऱ्यांचे सेन्सर ठराविक काळाने मुद्दाम गरम करतात, त्याने बरेच हॉट पिक्सेल सुधारतात. घरी ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नये.)

असो. फोटो होते चोवीसशे. हाताने कोण करणार? पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. जो ठिपका शेजाऱ्यांपेक्षा फारच भडक असेल तो काढायचा आणि तिथे शेजाऱ्यांचा मध्यक भरायचा. रात्रभर चालवली, सकाळी ठिपका गायब. मी खूश. आईला लॅपटॉप दिला. तिने पाच-सहा फोटो बघितले आणि म्हणाली, "अरे, आईची चमकी कुठे गेली?"

आजीच्या नाकात कायम हिऱ्याची चमकी असायची. त्या रिझोल्यूशनला ती म्हणजे चार-पाच पिक्सेलचा भडक ठिपका. माझ्या स्क्रिप्टने तिला दोष ठरवून साफ पुसली होती. दिवाळीच्या फोटोंतल्या लांबच्या पणत्या गेल्या, डोळ्यांतली चमकही गेली. मी नाकापर्यंत झूम करून बघितलंच नव्हतं, मी ठिपका शोधत होतो. आईने ठिपक्याकडे बघितलंच नाही.

ही चूक माझ्या एकट्याची नव्हे. काही कॅमेरे रात्रीच्या आकाशाचे फोटो काढताना बारीक ताऱ्यांनाच हॉट पिक्सेल समजून खातात अशी आकाशवेड्या मंडळींची तक्रार होती, त्यांनी त्याला 'स्टार ईटर' असं नावही दिलं होतं. म्हणून माझं म्हणणं असं आहे की दोष कसा दिसतो यावरून तो ठरवूच नये. तो कुठे बसतो यावरून ठरवावा. आजी हलते, कॅमेरा हलतो, चमकी प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असते. सेन्सरचा ठिपका मात्र शेकडो फोटोंत त्याच जागी ठाण मांडून असतो. दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये एवढंच केलं, आणि अर्थात मूळ फाइल्सच्या कॉपीवर. उभे फोटो आधी सेन्सरच्या दिशेने फिरवून घ्यावे लागले, नाहीतर त्यांच्यात ठिपक्याची जागा बदलते. तारखेप्रमाणे लावल्यावर कळलं की ठिपका २०१०च्या गणपतीनंतरचा आहे, तेव्हा त्याआधीच्या फोटोंना हातच लावला नाही.

ऑफिसात मित्राचं म्हणणं, "एवढं कशाला? फोनमध्ये एन्हान्सचं बटण आहे, दोन सेकंदांत काम." तेही करून बघितलं. ठिपका गेला, चमकीही गेली, आणि वर आजीच्या गालावरच्या सुरकुत्या गेल्या. बाई छान दिसत होती, पण आमची नव्हती. स्वतःच्या सेल्फीला तुम्ही काय वाट्टेल ते करा. गेलेल्या माणसाच्या फोटोत काय खरं होतं हे त्या बटणाला ठरवू देणं मला मान्य नाही. निदान मूळ फाइल तरी पुसू नका हो.

अल्बम गेल्या आठवड्यात छापायला दिला. एका फोटोचं मात्र अडलं. त्यात आजी मान वळवून हसतेय आणि सेन्सरचा ठिपका बरोबर तिच्या नाकपुडीवर आलाय. तो काढला तर खाली चमकी होती की नव्हती, असली तर त्या क्षणी चमकत होती का, हे कुठली स्क्रिप्ट सांगणार? आईला विचारलं. ती म्हणाली, "असू दे, लाल खड्याची वाटतेय." तसाच छापायला दिलाय.