कोणीतरी तपासलेच असेल

गेल्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला माझ्या पुतणीचा अमेरिकेहून फोन आला. ती तेथील एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकते. फराळाची चौकशी झाली, आशीर्वाद झाले आणि मग अभ्यासाचा विषय निघाला. ती म्हणाली, "काका, या सत्रात सामाजिक मानसशास्त्राला निबंध नाही. प्राध्यापिकांनी आम्हाला विश्वकोशातली नोंद लिहायला सांगितली आहे. विकिपीडियावर."

खरे सांगावयाचे तर मला हे रुचले नाही. विश्वकोश म्हटला की डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड आणि वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेले मराठी विश्वकोशाचे खंड डोळ्यांसमोर येणाऱ्या पिढीचा मी. कोशातील नोंद लिहिणे हा आयुष्यभराच्या व्यासंगाला मिळणारा मान, अशी आमची समजूत. वीस वर्षांच्या मुलीने ती लिहावी म्हणजे काल रुजू झालेल्या कारकुनाने आज शाखाधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून कर्ज मंजूर करावे, तसेच काहीसे मला वाटले. तसे मी तिला बोलूनही दाखवले. ती हसली आणि म्हणाली, "मला लिहून तर बघू द्या. मग बोला."

ही प्रथा तशी नवी नाही, हे मला नंतर चौकशी केल्यावर कळले. विकिपीडिया सुरू झाला २००१ साली. वर्गातील अभ्यास म्हणून त्यात लेख लिहून घेण्याचा संघटित कार्यक्रम अमेरिकेत २०१० पासून आकाराला आला. पुढच्याच वर्षी तेथील मानसशास्त्रज्ञांच्या एका मोठ्या संघटनेने, म्हणजे असोसिएशन फॉर सायकॉलॉजिकल सायन्सने, आपल्या सभासदांना या कामासाठी आवाहन केले. त्या वेळी संघटनेच्या अध्यक्षपदी होत्या हार्वर्ड विद्यापीठातील सामाजिक मानसशास्त्रज्ञ महजरीन बानाजी. आपल्या सिकंदराबादेत जन्मलेल्या या विदुषींचे म्हणणे साधे होते. मन, वर्तन, स्मृती, पूर्वग्रह यांविषयी सामान्य माणूस आता पहिल्यांदा जेथे वाचतो, तेथील मजकूर अपुरा किंवा चुकीचा असेल, तर तो सुधारणे हे त्या शास्त्राच्या अभ्यासकांचेच कर्तव्य आहे. प्राध्यापकांनी स्वतः लिहावे आणि विद्यार्थ्यांकडूनही लिहवून घ्यावे.

यातील विद्यार्थ्यांचा लाभ सहज लक्षात येतो. एरवी सत्राच्या शेवटी दिला जाणारा निबंध एकच व्यक्ती वाचते, त्यावर गुण पडतात आणि तो रद्दीत जातो. कोशातील लेख मात्र अनोळखी माणसे वाचतात. परीक्षेच्या तयारीला लागलेला कोणी विद्यार्थी, आजारी माणसाचा नातलग, एखादा वार्ताहर त्यावर विसंबणार असतो. त्यामुळे नियमही कडक असतात. प्रत्येक विधानाला प्रकाशित, विश्वसनीय आधार हवा. स्वतःचे मत नको. दुसऱ्याची वाक्ये उचलायची नाहीत, आशय समजून घेऊन आपल्या शब्दांत मांडायचा. आधी कच्चा मसुदा करायचा. त्या जागेला मराठी विकिपीडियाने 'धूळपाटी' असा सुरेख शब्द योजला आहे. धुळीत अक्षरे गिरवावीत, पुसावीत, पुन्हा गिरवावीत, तसे तेथे लिहायचे. मग वर्गमित्रांनी तो मसुदा तपासायचा आणि नंतरच तो सर्वांसमोर ठेवायचा. त्यानंतरही कोणी अपरिचित संपादक चर्चापानावर विचारू शकतो, "हे कशावरून?" कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला याची नोंद पानाच्या इतिहासात कायम राहते. हे ऐकताना मला आमच्या जुन्या लेजरची आठवण झाली. त्यातही खाडाखोड करण्यास बंदी होती. चुकीच्या आकड्यावर रेघ मारून शेजारी सही करावी लागे.

माझ्या पुतणीच्या वाट्याला विषय आला होता 'जबाबदारीची वाटणी'. संकटात सापडलेल्या माणसाभोवती जितके अधिक लोक, तितकी प्रत्येकाला आपली जबाबदारी कमी वाटते, असा त्याचा आशय. या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत एक प्रसंग वर्षानुवर्षे सांगितला जातो. १३ मार्च १९६४ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोवीज या तरुणीचा तिच्या घराजवळ खून झाला. दोन आठवड्यांनी तेथील एका अग्रगण्य वृत्तपत्राने बातमी दिली, की अडतीसएक शेजारी अर्धा तास हा प्रकार पाहत होते आणि हल्ला चालू असताना एकानेही पोलिसांना कळवले नाही. पुतणीने आपल्या मसुद्याची सुरुवात याच प्रसंगाने केली. पाठ्यपुस्तकात होता, प्राध्यापिकांच्या व्याख्यानातही आला होता. शंका घेण्याचे कारणच नव्हते.

मसुदा तपासणाऱ्या वर्गमित्राने समासात एवढेच लिहिले : "अडतीस जणांनी पाहिले, हे कोणी मोजले?"

ती चिडली. मग ग्रंथालयात गेली. तेथे तिला २००७ साली प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध मिळाला. तीन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी खटल्याची व अन्य कागदपत्रे तपासून त्यात दाखवून दिले होते, की बातमीतील चित्राला पुरावा नाही. हल्ले एकाहून अधिक ठिकाणी झाले होते. अखेरचा हल्ला इमारतीच्या आत, बहुतेकांच्या दृष्टीआड झाला. पुष्कळांनी झोपेतून जाग येऊन केवळ किंकाळी ऐकली होती. एका शेजाऱ्याने खिडकीतून ओरडताच हल्लेखोर काही काळ पळून गेला होता. आपल्या घरातून पोलिसांना फोन गेला होता, असे सांगणारेही आहेत. एक शेजारीण तर धावत खाली आली आणि तिने त्या मुलीला अखेरपर्यंत कवेत धरून ठेवले. २०१६ साली खुन्याच्या मृत्यूची बातमी देताना त्या वृत्तपत्रानेच आपल्या मूळ वृत्तातील उणिवा मान्य केल्या.

मग तो सिद्धान्तच खोटा काय? तसे नाही. त्या बातमीने अस्वस्थ झालेल्या जॉन डार्ली आणि बिब लाटाने या दोन मानसशास्त्रज्ञांनी पुढे विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. तो १९६८ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक विद्यार्थी वेगळ्या खोलीत बसून ध्वनियंत्रावरून इतरांशी बोलत होता. बोलता बोलता त्यांपैकी एकाला फेफरे आल्याचे आवाजावरून भासवण्यात आले. हे ऐकणारा आपण एकटाच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी ८५ टक्के विद्यार्थी झटका संपण्यापूर्वीच मदत मागण्यास बाहेर पडले. आणखी एक जण ऐकतो आहे असे वाटणाऱ्यांत हे प्रमाण ६२ टक्क्यांवर आले, आणि आणखी चौघे ऐकत आहेत अशी समजूत असणाऱ्यांत अवघ्या ३१ टक्क्यांवर. बसून राहिलेली मुले निर्दय नव्हती. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम सुटला होता. कोणीतरी गेले असेल, एवढ्या एका समजुतीने त्यांना जागेवर खिळवून ठेवले होते.

डिसेंबरात सत्र संपल्यावर पुतणीने मला हे सर्व सांगितले आणि शेवटी विचारले, "काका, अडतीस साक्षीदारांची गोष्ट चाळीसहून अधिक वर्षे पुस्तकांत कशी टिकली असेल?" मी गप्प राहिलो. तीच म्हणाली, "प्रत्येक लेखकाला वाटलं, आधीच्याने तपासलंच असेल. जो धडा ते शिकवत होते, त्याचंच उदाहरण ते स्वतः होऊन बसले."

त्या रात्री मला झोप लागली नाही. १९८७ च्या सुमारास मी एका तालुक्याच्या गावी शाखेत अधिकारी होतो. संगणक यावयाचे होते. मुदतठेवीवरील व्याजाचे व्हाउचर एक कारकून लिहीत असे, एक अधिकारी मंजूर करीत असे, दुसरा कारकून ते बचत खात्याच्या लेजरमध्ये उतरवीत असे आणि अखेरीस मी तपासून इनिशियल करीत असे. एका विधवा शिक्षिकेच्या ठेवीचे व्याज त्याच आडनावाच्या दुसऱ्या खातेदाराच्या खात्यात सलग पाच तिमाह्या जमा होत राहिले. बाई दोनदा काउंटरवर येऊन गेल्या. "पुस्तकात दिसतात तेवढेच आहेत," असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. तिसऱ्या खेपेस त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा मी लेजर मागवले. पाचही नोंदींसमोर माझी आद्याक्षरे होती. मंजूर करणाऱ्याला वाटले लिहिणाऱ्याने खाते क्रमांक पाहिला असेल, आणि मला वाटले मंजूर करणाऱ्याने. रक्कम त्याच दिवशी त्यांच्या खात्यात आली. परंतु मुलाच्या प्रवेशशुल्काची मुदत आदल्या दिवशी संपली होती. त्या काही बोलल्या नाहीत. पासबुक पिशवीत ठेवून निघून गेल्या. चार सह्यांमुळे व्यवहार सुरक्षित होतो, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते. प्रत्येक सही पाहून केलेली असेल तरच तो सुरक्षित होतो, हे मला त्या दिवशी कळले.

म्हणून कोशलेखनाच्या या अभ्यासाविषयीचे माझे मत आता बदलले आहे. विद्वानाचा मान विद्यार्थ्याला देणे हा त्याचा हेतू नाही. 'हे मी पाहिले आहे' असे लिहिण्याची जोखीम त्याला पत्करावयास लावणे, हा आहे. वाचणारे लाखो असतात आणि चूक दिसली तरी प्रत्येक जण दुसऱ्या कोणाची वाट पाहतो. त्या गर्दीतून एकाला पुढे बोलावून, हे काम तुझे आहे, असे सांगणारी ही रीत आहे. सामाजिक मानसशास्त्र शिकवण्याचा याहून सरळ मार्ग मला तरी सुचत नाही.

मात्र केवळ 'लिहा' म्हटल्याने हे साधत नाही. २०११ साली पुण्यातील काही महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियासाठी असाच प्रयोग झाला. विद्यार्थी शेकड्यांनी आले, उत्साहही मोठा होता. परंतु पुष्कळांनी इतरत्रचा मजकूर जसाच्या तसा उतरवून दिला आणि तो शोधून काढता काढता स्वयंसेवक संपादक थकून गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस तो प्रयोग थांबवावा लागला. मी केवळ मुलांना दोष देणार नाही. शाळेपासून आपण त्यांना उत्तरे उतरवून काढण्यासच शिकवतो आणि सुवाच्य उतरवल्याबद्दल गुणही देतो. आधार शोधणे, तो समजून घेणे आणि आपल्या शब्दांत मांडणे हे आधी शिकवावे लागते. त्यासाठी लहान वर्ग आणि स्वतः लिहिणारा शिक्षक हवा.

सुज्ञ वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी महाविद्यालयात जाणारी मुले-मुली आहेत. मराठी विकिपीडिया २००३ पासून सुरू आहे आणि मानसशास्त्रासारख्या विषयांवर मराठीत अजून पुष्कळ लिहावयाचे आहे. येत्या सुट्टीत त्यांना एखादा छोटा विषय निवडू द्या. दोन चांगली पुस्तके मिळवून द्या. धूळपाटीवर लिहिलेला मसुदा घरातील वडीलधाऱ्यांनी वाचावा आणि प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारावे, "हे कशावरून?" आपल्याला विषय कळत नसला तरी हा प्रश्न विचारता येतो.

आणि आपणही तो स्वतःला विचारावा. गेल्या आठवड्यात एका औषधी काढ्याचा संदेश माझ्या भ्रमणध्वनीवर आला. पाठवणारे सद्गृहस्थ माझ्या विश्वासातले. मी सवयीने तो आणखी चार जणांना पाठवणार होतो, इतक्यात हात थांबला. मी त्यांना उलट विचारले, "हे आपण कोठे वाचलेत?" त्यांचे उत्तर आले, "मलाही आलेच होते. कोणीतरी तपासलेच असेल."