वेणीला जागा लागते

डिसेंबर लागला की निफाडच्या थंडीचे आकडे वर्तमानपत्रात येऊ लागतात. आमचं गाव तिथून फार लांब नाही. त्यात धाकट्याची शाळा सकाळी सव्वासातची. मागच्या हिवाळ्यात त्याचा कान दुखायला लागला, तेव्हा ठरवलं की बाजारची टोचरी टोपी नको, आपणच विणायची. तीही साधी नाही, वेणीची.

बहिणींनो, वेणीची वीण दिसायला अवघड असते, करायला नाही. टाके तेच, सुलट आणि उलट. फक्त ठरावीक ओळीत टाक्यांची जागा बदलायची. सहातले पहिले तीन बाजूला थांबवायचे, पुढचे तीन आधी विणायचे, मग थांबलेले तीन. झाला पीळ. एकावर एक टाके आल्यानं तिथे कापड जाड होतं, म्हणून ही टोपी उबदारही असते.

मी रीतसर नमुना विणून पाहिला. एक ओळ सुलट, एक उलट. 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके बसले. मुलाच्या डोक्याचा घेर 50. टोपी ताणली जाते म्हणून 4 सेंटिमीटर कमी धरले, म्हणजे 46. गुणाकार केला, 101 आले. वेण्या सारख्या बसाव्यात म्हणून 102 टाके घातले. वह्या तपासून झाल्या की रात्री विणायला बसायचे. आठवड्यात टोपी तयार झाली. वर गोंडाही लावला.

दोन दिवस त्यानं ती घातली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या भाभींनी सांगितलं की हा कोपऱ्यावर वळला की टोपी काढून दप्तरात टाकतो. माझा पारा चढला. घरी आल्यावर चांगलंच झापलं. रात्रभर जागून केलेल्या वस्तूची किंमत नाही, कान दुखला तर रडत येऊ नकोस, असं बरंच काही बोलले. तो गप्प उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः टोपी घालून शाळेत सोडलं आणि दुपारी न्यायलाही गेले. घरी येऊन टोपी काढली, तर कपाळावर बॉर्डरची लाल रेघ उमटलेली. विचारलं तेव्हा हळूच म्हणाला, "अम्मी, ये सर को जकडती है." मग आधी का नाही सांगितलंस? तर म्हणे, "आपने रात को जाग के बनाई ना."

मला काही बोलताच येईना. वीस वर्षं मी वर्गात सांगते, उत्तर चुकलं तर उदाहरण पुन्हा वाचा. इथे उत्तर समोर चुकलेलं दिसत होतं आणि मी मुलालाच रागवत होते.

टेप घेऊन टोपी मोजली. घेर 46 नव्हे, जेमतेम 39 भरला. चूक गुणाकारात नव्हती, नमुन्यात होती. मी साधी वीण मोजली आणि वेणीची टोपी विणली. पीळ पडला की टाके एकमेकांजवळ ओढले जातात आणि कापड आकसतं. माझ्या टोपीत दर वेणीमागे पाऊण सेंटिमीटर गेला होता. दहा वेण्यांचे साडेसात.

त्याच्यासमोरच टोपी उसवली. तो लोकरीचा गोळा करत बसला. "आता सैल करू या," म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. दुसऱ्या खेपेला केलेला हिशेब तुम्हालाही देते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हा बसतो.

मध्यम जाडीची मऊ लोकर 100 ग्रॅम पुरते. घेण्याआधी ती मुलाच्या मानेला लावून पाहा, हाताला टोचणं कळत नाही. सुया 10 आणि 8 नंबरच्या. आपल्याकडे नंबर मोठा तशी सुई बारीक, हे लक्षात असू द्या. शिवाय दोन्हीकडून टोकदार अशी एक आखूड सुई लागेल.

10 नंबरवर 112 टाके घालून दोन सुलट, दोन उलट अशी 5 सेंटिमीटर बॉर्डर विणा. मग 8 नंबरची सुई घ्या. पहिली ओळ: 3 उलट, नंतर 6 सुलट आणि 4 उलट असं दहा वेळा, शेवटी 6 सुलट, 3 उलट. मागच्या बाजूने टाका जसा दिसेल तसाच विणायचा. पाचव्या ओळीत प्रत्येक सहा सुलट टाक्यांना पीळ द्या, पुढे 13, 21 आणि 29 व्या ओळीत. थांबवलेले तीन टाके दर वेळी कामाच्या पुढेच धरा. एकदा पुढे, एकदा मागे झालं तर वेणी उलटी वळते आणि ते चार ओळी झाल्यावर डोळ्यांना दिसतं.

32 ओळी झाल्या की टाके घटवायला घ्या. घट फक्त सुलट बाजूच्या ओळीत करायची. आधी चार उलट टाक्यांचे दोन करा, कडेच्या तिनाचेही दोन. पुढच्या वेळी मधल्या दोनाचा एक. नंतर वेणीतल्या सहाचे तीन. शेवटच्या घटीत सगळीकडे दोन टाके एकत्र विणा. 24 उरतील. त्यांतून लोकर ओवून घट्ट ओढा आणि मागची शिवण घाला.

या वेळी घेर जवळजवळ 43 भरला आणि ताणून डोक्यावर नीट बसला. तरी माझं ऐकून थेट 112 टाके घालू नका. प्रत्येकीचा हात वेगळा, कुणाची वीण घट्ट, कुणाची सैल. नमुना विणाल तो वेणीचाच विणा, किमान दोन पीळ पडू द्या, मग मोजा. आणि निम्मी टोपी झाली की मुलाच्या डोक्यावर धरून पाहा. त्याला विचारा, टोचते का, आवळते का. विचारताना आपण किती रात्री जागलो, ते मात्र बोलू नका.

यंदा तो पहिलीतून दुसरीत गेला. परवा थंडी पडली, तेव्हा त्यानं स्वतःच टोपी शोधून काढली. कपाळाला लावून म्हणाला, "अम्मी, अब थोडी छोटी हो रही."

त्यानं सांगितलं, याचाच जास्त आनंद झाला. संध्याकाळी नवी लोकर घेऊन आले.