शंका असेल तर ‘नाही’ म्हणा

‘कर्नल’ हा शब्द मराठीत लिहिला की डोळ्यांपुढे येतो तो मिशीवाला लष्करी अधिकारी. संगणकवाल्यांचा कर्नल वेगळा. त्याचा अर्थ गर, गाभा. काजूच्या बीच्या आत असतो तसा. शाहूवाडीकडून आंबा घाट उतरला की कोकणच लागतं, त्यामुळे टरफल आणि गर यांतला फरक आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गंमत अशी की माणूस ज्या भागात आज्ञा टंकतो त्याला हे लोक ‘शेल’, म्हणजे चक्क टरफलच म्हणतात. मराठीचा मास्तर असल्यामुळे मला या गोष्टीचा जरा जास्तच आनंद झाला.

तर हा गर काय करतो? पेटीतली हार्ड डिस्क, कळफलक, पडदा, नेटवर्कचं कार्ड ही सगळी मंडळी आपापली भाषा बोलतात. त्यांच्याशी बोलणारे दुभाषे या गरात बसलेले असतात. त्यांना ‘ड्रायव्हर’ म्हणतात. दुभाष्या नसेल तर उपकरण समोर असून नसल्यासारखं. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेला लिनक्सचा कर्नल सर्वांसाठी खुला आहे. त्याचा मूळ मजकूर कुणीही उतरवून घ्यावा आणि आपल्या यंत्रापुरता बांधून घ्यावा. २०२५ च्या सुरुवातीला हा मजकूर चार कोटी ओळींच्या घरात गेला होता, आणि त्यातला फार मोठा भाग या दुभाष्यांनीच व्यापलेला आहे.

बांधण्याआधी तो तुम्हाला प्रश्न विचारतो. ‘मेक मेनूकॉन्फिग’ अशी आज्ञा दिली की निळ्या पडद्यावर यादी उघडते. प्रोसेसर कोणत्या घराण्याचा? मेमरी किती? हे कार्ड आहे का, ते कार्ड आहे का? असे हजारो प्रश्न. बऱ्याच प्रश्नांना तीन उत्तरं चालतात. ‘हो’ म्हणजे हा दुभाष्या कायम गरातच बसवा. ‘नाही’ म्हणजे नकोच. तिसरं ‘एम’, म्हणजे मॉड्यूल: घरात नको, पण हाकेच्या अंतरावर असू दे, लागला तर बोलावू. परीक्षेच्या पेपरात मी जन्मभर ‘चूक की बरोबर’ असेच प्रश्न काढले. तिसऱ्या उत्तराची ही सोय मला फार शहाणपणाची वाटली.

बहुतेक प्रश्नांना मदतीचा मजकूर जोडलेला असतो. तो वाचण्यासारखा आहे. बऱ्याच ठिकाणी अखेरीस एक ओळ असते, तिचा अर्थ असा: ‘खात्री नसेल तर नाही म्हणा.’ काही ठिकाणी ‘खात्री नसेल तर हो म्हणा’ असंही असतं. म्हणजे लिहिणाऱ्याने अडाण्याचीही काळजी घेतलेली आहे! आमच्या शासकीय परिपत्रकांतून अशी एक ओळ कधी आली असती तर कितीतरी मुख्याध्यापकांचं आयुष्य वाढलं असतं. असो.

हे सगळं मी आज का लिहितो आहे, ते सांगतो. विंडोज दहाची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज अकराला नव्या घडणीचा प्रोसेसर आणि ‘टीपीएम’ नावाची सुरक्षेची सोय लागते. जुन्या यंत्रांत हे नाही. त्यामुळे ठिकठिकाणच्या शाळांतून संगणकांच्या निर्लेखनाची भाषा सुरू झाली. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी: डेड स्टॉक रजिस्टरातल्या वस्तूची नोंद रीतसर खोडून टाकायची, म्हणजे निर्लेखन. मोडका बाक, गळकी बादली आणि फाटका नकाशा यांच्या रांगेत आता चालू स्थितीतला संगणक जाऊन बसतो. चालू स्थितीतला, हे पुन्हा वाचा. कळ दाबली की तो सुरू होतो. त्याचा गुन्हा इतकाच, की त्याच्यासाठी आता कुणी ‘हो’ म्हणत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी संगणक दुरुस्तीचं काम करतो. तालुक्यातल्या एका शाळेतली अशी अकरा यंत्रं त्याने मागून घेतली आणि नववी-दहावीच्या पोरांना घेऊन बसला. मीही जाऊन बसत होतो. सात यंत्रं चौसष्ट बिटांची होती. त्यांच्यावर लिनक्सची तयार आवृत्ती सरळ बसली, काही बांधावं लागलं नाही. उरलेली चार बत्तीस बिटांची. डेबियन ही लिनक्सची मोठी आणि जुनी वितरणव्यवस्था. तिने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून अशा यंत्रांसाठी कर्नल आणि स्थापनेची साधनं देणं थांबवलं. पण मूळ कर्नलच्या यादीत बत्तीस बिटांचा पर्याय आजही शाबूत आहे. दुकानदाराने माल ठेवणं बंद केलं, पण बियाणं अजून मिळतं, अशी ही स्थिती. म्हणून त्या चार यंत्रांवर डेबियनची बारावी आवृत्ती घालून, कर्नल मात्र पोरांकडून बांधून घ्यायचं ठरलं.

पहिलं काम म्हणजे पेटीत काय काय आहे त्याची यादी. दुसरं, त्या यादीवरून ‘हो-नाही’ भरणं. यालाही एक आडवाट आहे. ‘लोकलमॉडकॉन्फिग’ अशी आज्ञा दिली की त्या क्षणी जे दुभाषे कामावर हजर असतील तेवढ्यांची नावं यादीत राहतात, बाकीची मॉड्यूलं गळतात. काम झटपट होतं. पण त्या दिवशी यंत्राला पेनड्राइव्ह लावलेला नव्हता. नवा कर्नल बांधून झाला, पेनड्राइव्ह लावला, तर यंत्र ढिम्म! त्याचा दुभाष्या हजेरीच्या वेळी गैरहजर होता, म्हणून त्याचं नाव पटावरूनच उडालं.

मला यावर हसू आलं नाही. आमच्या तालुक्यात जून-जुलैत ओढ्याला पाणी आलं की पलीकडच्या वाडीची पोरं येऊ शकत नाहीत. त्या आठवड्यात कुणी पट मोजला तर तो कमीच भरणार. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव शासनाने मागवले, तेव्हाही मी हेच म्हणत होतो: मोजणी खोटी नसते, पण ती कोणत्या दिवशी केली हे विचारावं लागतं. क्वचित लागणारी वस्तू आणि न लागणारी वस्तू यांत फरक आहे. आंबा घाटाखालच्या माणसाला वर्षातून एकदाच इरलं लागत नाही म्हणून तो ते टाकून देत नाही.

दुसरी एक अडचण पोरांना फार आवडली. हार्ड डिस्कच्या दुभाष्याला कुणीतरी ‘एम’ म्हटलं. आता ‘एम’वाले दुभाषे राहतात कुठे? हार्ड डिस्कवर. आणि हार्ड डिस्क वाचायची तर तो दुभाष्या हवा. पेटीची किल्ली पेटीत ठेवून कुलूप लावल्यासारखं झालं. यंत्र सुरू होतानाच ‘पॅनिक’ असा शब्द देऊन थांबलं. तयार आवृत्त्यांत यासाठी एक छोटं गाठोडं आधीच मेमरीत उतरवतात, त्यात पहिल्या गरजेचे दुभाषे असतात. इथे ते गाठोडं केलेलं नव्हतं, म्हणून डिस्कला ‘हो’च म्हणावं लागलं. एक मुलगी म्हणाली, “म्हणजे सर, जो दार उघडणार तो घरातच पाहिजे.” मी तिला वर्गात असते तर शेरा दिला असता.

बांधणीला त्या जुन्या यंत्रांवर कित्येक तास लागतात, म्हणून ती एका नव्या यंत्रावर केली. तरी मध्येच लाईट गेली. मला वाटलं, आता पहिल्यापासून सुरुवात. तसं होत नाही. ‘मेक’ हा कार्यक्रम प्रत्येक फाइलची वेळ तपासतो आणि झालेलं काम सोडून पुढचं धरतो. अर्धवट राहिलेली एखादी फाइल तेवढी पुन्हा करावी लागते. हा कार्यक्रम करणाऱ्याला भारनियमन ठाऊक असावं, असं मला उगीचच वाटून गेलं.

आता दुसरी बाजू. ती खोटी नाही. एखादा दुभाष्या कर्नलमध्ये ठेवायचा म्हणजे त्याला कुणीतरी सांभाळायला हवं. बाकीचा गर बदलत राहतो, त्याप्रमाणे त्याला दुरुस्त करावं लागतं, आणि दुरुस्ती बरोबर झाली का हे बघायला ते उपकरण हाताशी लागतं. टोरवाल्ड्सने पहिला लिनक्स लिहिला तो इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर. त्याच ३८६ चा आधार २०१२ च्या डिसेंबरात काढून टाकला गेला. जन्मखोलीच पाडली म्हणा ना! पण तिच्यासाठी बाकीच्या घराच्या भिंती वाकड्या ठेवाव्या लागत होत्या. २०१९ साली फ्लॉपीच्या दुभाष्याला ‘अनाथ’ असा शेरा मिळाला. तो सांभाळणाऱ्या माणसाकडे चालणारी फ्लॉपी ड्राइव्हच उरली नव्हती. पुढे दुसऱ्या एकाने तो दत्तक घेतला, हा भाग वेगळा. २०२१ मध्ये जुनी आयडीई व्यवस्था काढली, पण तिची कामं दुसऱ्या व्यवस्थेने आधीच उचललेली होती. आमच्या चारही यंत्रांच्या आयडीई डिस्क आजच्या कर्नलवर चालतात. तेव्हा ‘काढलं’ म्हणजे दर वेळी ‘हाकललं’ असं नाही. काढण्याआधी चर्चा होते, ती उघड्यावर होते, आणि ज्याला ते उपकरण हवं असेल त्याला ‘मी सांभाळतो’ म्हणून उभं राहता येतं. मला राग नसलेल्या पर्यायाचा येत नाही. ज्या पेटीत प्रश्नच विचारला जात नाही, तिचा येतो.

‘मी सांभाळतो’ म्हणणारे सगळे परदेशातच असतात, असंही समजू नये. कर्नलमधले दोष शोधण्यासाठी ‘केजीडीबी’ म्हणून एक सोय आहे. मेनूकॉन्फिगच्या यादीत तिचा स्वतंत्र प्रश्न असतो. ही सोय मुख्य कर्नलमध्ये आली २००८ साली, २.६.२६ या आवृत्तीत. त्याआधी बरीच वर्षं ती बाहेरच्या बाहेर सांभाळणाऱ्यांत पुण्याच्या लिनसिससॉफ्टचे अमित काळे होते. मूळ मजकुराच्या माथ्यावर इतरांबरोबर त्यांचं नाव आजही आहे. पोरांना मी ते नाव शोधायला लावलं. कोटभर ओळींच्या त्या जंगलात ‘काळे’ सापडल्यावर वर्गात जो गलका झाला, तो मी निवृत्तीनंतर प्रथमच ऐकला.

मला भेटणाऱ्यांचा मुख्य आक्षेप असतो, “सर, यातून वेग किती वाढला?” खरं सांगायचं तर फार नाही. न बोलावलेली मॉड्यूलं डिस्कवर पडून असतात, मेमरी खात नाहीत. चालू होण्याचा वेळ थोडा वाचला, डिस्कवरची जागा वाचली, एवढंच. वेगासाठी हा उद्योग करू नये. आणि दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: स्वतः बांधलेला कर्नल स्वतःच अद्ययावत ठेवावा लागतो. सुरक्षेची नवी दुरुस्ती आली की पुन्हा बांधणी. माझा विद्यार्थी उद्या पुण्याला गेला तर कोण करणार?

त्यावर माझं उत्तर शाळेच्या दप्तरात आहे. दिलेली सगळी उत्तरं एका साध्या मजकुराच्या फाइलीत राहतात. पुढची आवृत्ती आली की जुनी फाइल पुढे ठेवून ‘मेक ओल्डकॉन्फिग’ म्हणायचं. मग फक्त नवे प्रश्न विचारले जातात. ही फाइल छापून डेड स्टॉक रजिस्टराला जोडावी, असं मी सुचवलं आहे. शाळेने खरेदीची पावती जपली, मग यंत्राच्या आत काय आहे याची नोंद का जपू नये? पुढच्या तुकडीतली पोरं तिथून पुढे जातील. केरळच्या सरकारी शाळांनी संगणकाचं शिक्षण वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालवून दाखवलं आहे. ते काम शिक्षकांनीच केलं, कंपन्यांच्या अभियंत्यांनी नव्हे. आपल्याकडे शिक्षकाला आधी माहितीचे तक्ते भरण्यातून सोडवावं लागेल, ही गोष्ट निराळी.

त्या फाइलीतली एक रीत सांगायची राहिली. जिथे ‘नाही’ म्हटलं, तिथली ओळ पुसली जात नाही. पर्यायाचं नाव तसंच राहतं आणि पुढे ‘ठेवलेला नाही’ अशा अर्थाचे शब्द येतात. काय नाकारलं, तेही लेखी.

अकरापैकी दहा यंत्रं आता चालतात. अकराव्याची मेमरीची पट्टी सैल आहे असं पोरांचं म्हणणं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पेटी उघडायची आहे. माझ्याकडे खोडरबर मागितलं आहे, पट्टीचे पाय घासायला.