शॉर्टफिल्मचं शूटिंग गावात. अपघात झाला तर भरपाई कोण देणार?

कॉलेजची पोरं शॉर्टफिल्म करायला गावाकडं येतात, हे आता नवं राहिलेलं नाही. वाडा, विहीर, बैलजोडी, ट्रॅक्टर सगळं फुकटात मिळतं. पोरं आपलीच, म्हणून कोणी नाही म्हणत नाही. नगरच्या कॉलेजात शिकलेल्या नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यामुळं खेड्यातल्या पोरांचा हुरूप वाढला. हे चांगलंच झालं. पण शूटिंगमध्ये कोणी पडलं, बुडालं तर पैसे कोण देणार, हे आधी कोणीच विचारत नाही.

धोका खरा आहे. मार्च २०२३ मध्ये पन्हाळगडावर चित्रपटाच्या शूटिंगसाठी आलेला १९ वर्षांचा तरुण तटबंदीवरून पडला, उपचार सुरू असताना त्याचा मृत्यू झाला. एप्रिल २०२५ मध्ये साताऱ्याजवळ संगम माहुली इथं चित्रपटाच्या गाण्यासाठी आलेला नर्तक कृष्णा नदीत बुडाला. ही मोठ्या चित्रपटांची कामं. तिथं दाद मागायला निर्माता तरी असतो. पोरांच्या फिल्ममध्ये निर्माता म्हणजे दहा जणांनी काढलेली वर्गणी!

विमा का मिळत नाही?

चित्रपटांचा विमा असतो. पण कंपनी बजेट, वेळापत्रक, धोक्याचे प्रसंग बघून हप्ता ठरवते आणि करार करायला जबाबदार निर्माता मागते. वीस-तीस हजारांत फिल्म करणाऱ्या पोरांना यातलं काहीच जमत नाही. मग कॉलेज पालकांकडून हमीपत्र लिहून घेतं. हमीपत्र म्हणजे विमा नव्हे. त्यातून दवाखान्याचं बिल भरलं जात नाही.

कामगारांसाठी १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा होता. पण मित्राच्या फिल्मसाठी फुकट राबणारा पोरगा कामगार ठरणं अवघड. राज्य सरकारची विद्यार्थी अपघात योजना आहे, ती पहिली ते बारावीपर्यंतच. कॉलेजचा पोरगा त्यात बसत नाही.

गावकऱ्यांच्या गळ्यातही येऊ शकतं

ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी असतो. सीनसाठी ट्रॉलीत पंचवीस पोरं बसवली आणि ट्रॉली उलटली, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग भरपाईचा दावा मालकावर येतो. ड्रोनचंही तसंच. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन सोडले, तर बाकीच्यांना थर्ड पार्टी विमा लागतो. भाड्यानं आणलेला कॅमेरा विहिरीत पडला, तर तो ज्याच्या नावावर घेतला त्याच्याकडूनच वसुली होते.

मग करायचं काय?

१) १८ ते ७० वयाच्या प्रत्येकानं बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा घ्यावा. वर्षाला २० रुपये कटतात, अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख मिळतात. दवाखान्याचा खर्च मात्र यात मिळत नाही.

२) कॉलेजचा सामूहिक अपघात विमा असेल, तर तो कॉलेजबाहेरच्या शूटिंगला लागू आहे का, हे लेखी विचारून घ्यावं.

३) वाडा, वाहन, जनावर देताना एका कागदावर लिहून घ्यावं: काय दिलं, किती दिवसांसाठी, नुकसान झालं तर कोण भरणार.

४) विहीर, नदी, बुरूज यांचे सीन शक्यतो टाळावेत. घ्यायचेच असतील तर दोर आणि पट्टीचा पोहणारा काठावर हवा.

विमा कंपनीनं दावा अडवला, तर १५५२५५ या नंबरवर तक्रार करता येते.

खरी जबाबदारी कॉलेजची आहे. ज्या फिल्मला परीक्षेत मार्क मिळतात, ते कॉलेजचंच काम झालं. मग प्रयोगशाळेत काळजी घेता, तशी शूटिंगची का नाही? फीमध्ये थोडी रक्कम धरून सगळ्या वर्गाचा अपघात विमा काढणं अवघड नाही. ग्रामपंचायतींनीही परवानगी देताना विम्याची पावती मागावी. त्यानं शूटिंग बंद पडणार नाही, पण एखाद्या घरावर कर्जाचा डोंगर पडायचा वाचेल.