पंचाच्या खिशात काय उरतं? शालेय स्पर्धांचं मानधन, सभासद फी आणि आपल्या पोरांचं प्रमाणपत्र

विशेष विश्लेषण

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम आला की तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो सुरू होतात. कुठल्या हायस्कूलच्या पोरींनी कबड्डीत बाजी मारली, कुणाचा खो-खोचा संघ जिल्ह्याला गेला, कुठल्या सरांचा सत्कार झाला. फोटोत खेळाडू असतात, मुख्याध्यापक असतात, बक्षीस देणारे पाहुणे असतात. गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस मात्र बहुतेक फोटोंत नसतो. असलाच तर कडेला, अर्धा कापलेला.

त्या माणसाला दिवसभराचे किती पैसे मिळाले? आणि पंच म्हणून उभं राहण्यासाठी त्याने स्वतःच्या खिशातून किती भरले? हा प्रश्न गावात कुणी विचारत नाही. तो आपल्या घरापर्यंत कसा येतो, तेवढं आज बघू.

एका शिट्टीवर काय काय टांगलेलं असतं

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. तालुका, मग जिल्हा, विभाग, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय अशी ती शिडी आहे. ही शिडी चढणाऱ्या मुलाला दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे वाढीव गुण मिळू शकतात, स्तरानुसार जास्तीत जास्त २५. पुढे राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पोलीस भरतीच्या तयारीला लागलेल्या घरांना हे नव्याने सांगायला नको.

आता कबड्डीचा सामना डोळ्यासमोर आणा. शेवटची चढाई, दोन्ही संघ बरोबरीत. चढाईपटूचा पाय बोनस रेषेपलीकडे गेला तेव्हा मागचा पाय हवेत होता की जमिनीवर? तालुक्याच्या मैदानावर कॅमेरा नाही, रिव्ह्यू नाही. पंचाला जे दिसलं तेच खरं. त्या एका गुणावर एक संघ जिल्ह्याला जातो आणि दुसऱ्या संघातल्या पोरींचं वर्ष तिथेच संपतं.

बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं राज्यात उघडकीला आली, तेव्हा सगळे प्रमाणपत्राच्या पडताळणीबद्दल बोलले. ते बरोबरच होतं. पण प्रमाणपत्र खरं असूनही त्यामागचा सामना नीट झाला नसेल, तर त्याची पडताळणी कुठल्या टेबलावर होणार?

पंच येतात कुठून?

दोन वाटांनी येतात. पहिली वाट शाळेची. क्रीडा शिक्षकच एका सामन्यात आपल्या संघाचे मार्गदर्शक असतात आणि दुसऱ्या सामन्यात पंच. दुसरी वाट संघटनेची. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल अशा प्रत्येक खेळाची संघटना पंच परीक्षा घेते. परीक्षा पास झालेला माणूस त्या संघटनेचा पंच होतो.

पहिली वाट अरुंद होत चालली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी अर्धवेळ शारीरिक शिक्षण निदेशक सांगितला आहे, पण पटसंख्या १०० च्या वर असेल तरच. आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या किती शाळांचा पट एवढा आहे, ते तुम्हीच आठवून बघा. शाळेत खेळाचा माणूसच नसेल तर त्या शाळेतून पंच तरी कुठून येणार?

म्हणजे भार दुसऱ्या वाटेवर येतो. कबड्डीच्या नियमाप्रमाणे एका सामन्याला सहा जण लागतात: एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहाय्यक गुणलेखक. तालुक्याला अनेकदा तीन-चार जणांवरच भागवलं जातं. सकाळी नवापासून अंधार पडेपर्यंत तेच चेहरे, तीच शिट्टी. दुपारनंतर नजर थकते. चूक व्हायला वाईट हेतू लागत नाही, थकवा पुरतो.

चला, हिशोब मांडू

आकडे जिल्ह्याप्रमाणे आणि खेळाप्रमाणे बदलतात. म्हणून इथे एक उदाहरण धरू. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या ओळखीच्या पंचाचे खरे आकडे घालून हाच हिशोब पुन्हा करता येईल.

समजा दिवसाचं मानधन ५०० रुपये. गावावरून तालुक्याला जायचं-यायचं पेट्रोल १२० रुपये. चहा-नाश्ता ६० रुपये. हातात राहिले ३२०. महाराष्ट्रात रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये आहे. म्हणजे इथवर दोन्ही सारखंच.

पण रोजगार हमीवर जायला वार्षिक सभासद फी भरावी लागत नाही. पंचाला लागते. समजा फी आणि ओळखपत्राचे ५०० रुपये. गणवेश आणि बूट १,५०० रुपयांचे, तीन वर्षं चालले तर वर्षाला ५००. उजळणी शिबिराला जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा खर्च ८००. झाले वर्षाचे १,८००.

हंगामात १० दिवस काम मिळालं तर दिवसामागे १८० रुपये यातच गेले. ३२० मधून १८० वजा करा, उरले १४०. काम २० दिवस मिळालं तरी दिवसाला २३० च्या वर जात नाही. शिवाय नोकरी किंवा दुकान असेल तर त्या दिवसाची रजा किंवा बुडालेला धंदा वेगळा. मानधन जागेवर मिळालं नाही, "बिल मंजूर झाल्यावर बघू" असं ऐकायला मिळालं, तर तोवर सगळं पदरमोडच.

या हिशोबात कोण टिकतो? एक, ज्याला खेळाचं मनापासून वेड आहे. दुसरा, ज्याच्या घरची परिस्थिती बरी आहे. आणि तिसरा, ज्याला पंच असण्यातून दुसरा काही फायदा मिळतो. पहिल्या दोघांना नमस्कार. काळजी तिसऱ्याची आहे.

फी घ्या, पण बदल्यात काय?

सभासद फी घेणं चुकीचं नाही. संघटनेला परीक्षा घ्यायची असते, नियमांची पुस्तिका छापायची असते, शिबिर भरवायचं असतं. जिल्हा पातळीवरच्या बऱ्याच संघटना चार-दोन माणसांच्या खटपटीवर चालतात, हेही खरं. पण फी भरणाऱ्याने चार गोष्टी विचारायला हव्यात. पावती मिळते का? मैदानावर पाय मोडला तर विमा आहे का? नेमणुका यादीप्रमाणे फिरतात की ठरावीक माणसांनाच मिळतात? आणि सामन्यानंतर कुणी अंगावर आलं तर संघटना पाठीशी उभी राहते का?

चारही उत्तरं "नाही" असतील तर पंच ती फी नक्की कशासाठी भरतो, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेतल्या शाळांमध्ये काय झालं?

हा प्रश्न फक्त आपला नाही. ज्या देशात शाळेची बास्केटबॉल मॅच बघायला अख्खं गाव लोटतं, त्या अमेरिकेतही पंचांचं गणित असंच बिघडलं. तिथे पैसा आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, तरी बिघडलं. म्हणून तिकडचं उदाहरण बघण्यासारखं आहे.

तिथल्या हायस्कूल बास्केटबॉलचा पंच शाळेचा नोकर नसतो. दरवर्षी तो राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेकडे नोंदणी फी भरतो आणि नियमांची परीक्षा देतो. बऱ्याच ठिकाणी स्थानिक पंच संघटनेची वर्गणी वेगळी असते. सामने वाटून देणाऱ्याचा मोबदलाही काही ठिकाणी पंचाकडूनच कापला जातो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, बूट, शिट्टी, गाडीचं तेल सगळं त्याचंच. पैसे सामन्यामागे मिळतात. म्हणजे नव्या पंचाचे सुरुवातीचे काही सामने भरलेली फी वसूल करण्यातच जातात.

त्यात प्रेक्षकांच्या शिव्या. पोरांचे आईबापच गॅलरीतून अंगावर येतात. परिणाम काय झाला? तिथल्या शालेय क्रीडा संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाने सांगितलं, की २०१८-१९ नंतरच्या काही वर्षांत सगळ्या खेळांचे मिळून सुमारे ५० हजार पंच काम सोडून गेले. त्यात कोरोनाचाही वाटा होता. पंच मिळेनात म्हणून शुक्रवारी रात्रीचे फुटबॉल सामने काही राज्यांत गुरुवारी किंवा शनिवारी हलवावे लागले.

मग शहाणपण आलं. अनेक राज्यांनी सामन्याचे दर वाढवले, काहींनी नव्या पंचांची पहिल्या वर्षाची फी माफ केली. पैसे ऑनलाइन थेट खात्यात जमा करायची पद्धत बरीच पसरली. पंचांच्या राष्ट्रीय संघटनेच्या वर्गणीत विमा येतो. वीसहून अधिक राज्यांत पंचावर हात उचलण्याबद्दल वेगळा कायदा आहे. त्यानंतर पंचांची संख्या पुन्हा वर येऊ लागली.

पण कामगार की स्वतंत्र?

एक गोष्ट तिकडेही सुटलेली नाही. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या शालेय लॅक्रोस पंचांनी युनियन करायचं ठरवलं. २०१७ मध्ये तिथल्या कामगार मंडळाने त्यांना कर्मचारी मानलं. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. हे पंच स्वतंत्र कंत्राटदार आहेत, असं न्यायालय म्हणालं. कारण ते वर्षातले मोजके दिवस काम करतात, सामन्यामागे पैसे घेतात आणि मैदानावर निर्णय स्वतःच्या अकलेने देतात.

आपला पंचही असाच मध्ये लटकलेला आहे. पगारी नोकर म्हणावं तर नाही, स्वयंसेवक म्हणावं तर फी भरतो. ज्याला कायदा कर्मचारी मानत नाही त्याची काळजी घेणारी एकच जागा उरते, ती म्हणजे त्याची संघटना. फीचा मुद्दा म्हणूनच महत्त्वाचा.

क्रिकेटचा आरसा

खेळात पैसा नाही, असं कुणी म्हणत असेल तर एक आकडा ऐकवा. बीसीसीआयने २०२२ मध्ये आपल्या पंचांच्या नव्या श्रेणी केल्या. वरच्या दोन श्रेणींतल्या पंचांना प्रथम श्रेणी सामन्यासाठी दिवसाला ४० हजार आणि त्याखालच्या दोन श्रेणींना ३० हजार रुपये, असे दर तेव्हा जाहीर झाले. ती पातळी वेगळी, तो पैसा वेगळा, तुलना सरळ होत नाही. पण एक तत्त्व त्यात आहे: दर आधी ठरलेला आणि सगळ्यांना माहीत असतो. सामना संपल्यावर आयोजक खिशात हात घालून "हे घ्या सर" म्हणत नाही.

आपल्या गावच्या कबड्डी स्पर्धेचं बॅनर आठवा. पहिलं बक्षीस कुणाकडून, दुसरं कुणाकडून, उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, सगळ्यांची नावं आणि रकमा. पंचांच्या मानधनाचा रकाना त्यात कुठेच नसतो. मान्यता घेतलेल्या स्पर्धेत जिल्हा संघटना पंच पाठवते, ते ठीक. पण जिथे मंडळच पंच बोलावतं, जेवू घालतं, पाकीट देतं आणि त्याच मंडळाचा संघ मैदानात उतरतो, तिथे पंच कितीही सरळ असला तरी बाहेरगावच्या संघाला शंका येणारच. अशा शंकेतूनच भांडण पेटतं.

मग करायचं काय?

आयोजक म्हणतील, पैसे नाहीत. शाळांची प्रवेश फी थोडी, शासनाचं अनुदान तोकडं. तक्रार खरी आहे. नुसतं मानधन वाढवून पंच चांगला होतो असंही नाही, त्याला सराव आणि शिबिर लागतंच. तरीही मोठा खर्च न करता काही गोष्टी होऊ शकतात.

एक, तालुका स्पर्धेच्या नियोजन बैठकीतच पंचांचा दर ठरवून वेळापत्रकासोबत जाहीर करावा. प्रवासखर्च त्यापासून वेगळा धरावा.

दोन, पैसे त्याच दिवशी, शक्यतो थेट खात्यात जावेत. फोनवरून भाजीचे पैसे देता येतात, तर पंचाचे का नाही?

तीन, ज्या शाळेचा संघ खेळतो त्या शाळेच्या शिक्षकाला त्या सामन्यात पंच ठेवू नये. माणूस कमी असेल तर शेजारच्या तालुक्याशी अदलाबदल करावी.

चार, संघटनांनी फीची पावती द्यावी, त्यात अपघात विमा बसवावा आणि नेमणुकांची यादी सगळ्या सभासदांना दाखवावी. नव्या पंचाला, खासकरून मुलींना, पहिल्या वर्षी फी माफ करावी. मुलींच्या सामन्यांना महिला पंच मिळत नाहीत अशी ओरड आपण करतो, पण दिवसाला १४० रुपये उरणाऱ्या कामासाठी कोणती पोरगी दोन एसट्या बदलून येईल?

पाच, गावच्या स्पर्धेच्या बॅनरवर बक्षिसांच्या यादीत पंच मानधनाचाही एक देणगीदार शोधावा. हे पैसे संघटनेमार्फत द्यावेत, मंडळाच्या पाकिटातून नकोत.

पालकांच्या हातातही एक गोष्ट आहे. पुढच्या वेळी तुमच्या शाळेचा संघ तालुक्याला जाईल तेव्हा संयोजकांना विचारा, की आज पंच कोण आहेत, त्यांचा दर काय ठरलाय आणि तो आज मिळणार का. प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. दोन-चार शाळांच्या पालकांनी विचारला, तर पुढच्या वर्षीच्या बैठकीत तो विषयपत्रिकेवर येईल.